मदत हवी आहे: कांद्याच्या मुळात पेशीविभाजन दिसतच नाही

पेशीवेडी: अकरावीचा वर्ग. अ‍ॅसिटोकारमाइन हा रंग वापरून तीनदा स्लाइड केली. नुसत्या लांबट पेशी! मुलं डोकावतात आणि उठतात. परवा दुपारी पुन्हा तास आहे, लवकर सांगा.

सूक्ष्मदर्शी: टोकाचा किती भाग घेतला? कापलं कधी? आम्लात ठेवलं होतं का?

रानफूल: स्लाइडचा नाद सोडा. लाल आणि निळी लोकर घ्या, प्रत्येक रंगाचा एक लांब, एक आखूड धागा. झाली चार गुणसूत्रं. आधी प्रत्येकाची जुळी प्रत करून मधे गाठ मारायला लावा, मग खडूने आखलेल्या पेशीत मुलांनाच ओढू द्या. बरीच मुलं गाठ न सोडता लाल जोडी इकडे, निळी तिकडे नेतात. समसूत्री विभाजन (गाठ सुटून एकेक प्रत दोन्हीकडे) आणि अर्धसूत्री विभाजन (आधी गाठीसकट जोड्या वेगळ्या), यांतला घोळ तिथेच पकडता येतो.

हरितद्रव्य: केळ्यातला डीएनए काढा ना! मीठ, साबणाचं पाणी, वरून थंडगार अल्कोहोल.

सूक्ष्मदर्शी: विषय विभाजनाचा आहे. आणि लोकर स्लाइडनंतर, आधी नको. खरी पेशी न बघता मुलं धागेच पाठ करतात.

रानफूल: उलट, काय शोधायचं तेच माहीत नसेल तर स्लाइडमध्ये बघणार काय?

पेशीवेडी: मूळ सेंटीमीटरभर, सगळंच काचेवर ठेवलं. आम्ल नाही वापरलं.

सूक्ष्मदर्शी: तिथेच चुकलं. विभाजन टोकाच्या दोनेक मिलिमीटरमध्येच चालतं. वरच्या लांबट पेशींचं विभाजन संपलेलं असतं. उद्या सकाळी टोकं कापून 3 भाग अल्कोहोल आणि 1 भाग ग्लेशियल अ‍ॅसिटिक आम्लात 24 तास ठेवा. मग 1 नॉर्मल (1N) तीव्रतेच्या हायड्रोक्लोरिक आम्लात 60 अंशांवर 5 ते 8 मिनिटं, म्हणजे पेशी एकमेकींपासून सुटतात. हे तुम्हीच करा, चष्मा लावून. धुऊन रंगात घाला. जास्त गडद होतं ते टोक, तेवढंच ठेवा. कव्हरस्लिपवर टिपकागद ठेवून अंगठा सरळ खाली दाबा. कव्हरस्लिप जराही सरकली की पेशींच्या गुंडाळ्या होतात.

गणती: नुसतं बघायला लावू नका, मोजायला लावा. प्रत्येक गटाने 100 पेशी, कोणत्या अवस्थेत किती ते; बेरीज फळ्यावर. एकट्या गटाचे आकडे फार हेलकावतात. पेशीचक्र (एका विभाजनापासून पुढच्यापर्यंतचा काळ) 24 तासांचं धरलं आणि 5 टक्के पेशी मध्यावस्थेत (गुणसूत्रं मधोमध रांगेत) निघाल्या, तर ती अवस्था 72 मिनिटांची. हे गणित मुलांनाच सोडवू द्या.

पेशीवेडी: वॉटर बाथ नाही, 60 अंश कसे राखू?

सूक्ष्मदर्शी: मोठ्या बीकरमध्ये गरम पाणी, त्यात परीक्षानळी आणि तापमापी. 58 झालं की थोडं गरम पाणी ओता.