टीजीएसएस आणि एनव्हीएसएस यांतील जवळच्या स्रोतांच्या जोड्या कशा लावाव्यात?

प्रश्न
नमस्कार. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवरून झालेल्या १५० मेगाहर्ट्‌झच्या टीजीएसएस या आकाश-सर्वेक्षणातील रेडिओ स्रोत मी १.४ गिगाहर्ट्‌झच्या एनव्हीएसएस या दुसऱ्या सर्वेक्षणातील स्रोतांशी जुळवत आहे. विषुवांश आणि क्रांती (आकाशातले रेखांश-अक्षांश) यांतील फरक प्रत्येकी २० विकलांच्या (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) आत असला की जोडी धरायची, असा साधा लूप लिहिला; पण जसजसे उत्तरेकडे जावे, तसतशा जोड्या घटत जातात. अ‍ॅस्ट्रोपाय या पायथनच्या खगोलशास्त्रीय लायब्ररीतील ‘मॅच_टू_कॅटलॉग_स्काय’ हे फंक्शन वापरले, तर उलट एकही स्रोत जोडीवाचून राहत नाही. चुकते कुठे?

उत्तर १
विषुवांशातील फरक क्रांतीच्या कोसाइनने गुणलेला दिसत नाही. ६० अंश क्रांतीवर आकाशातले २० विकलांचे अंतर विषुवांशात ४० विकला भरते, त्यामुळे खरी जोडीही तुमच्या चौकटीबाहेर पडते. शिवाय ३५९.९९९ आणि ०.००१ अंश हे विषुवांश विषुववृत्तावर केवळ ७.२ विकला दूर आहेत, हे वजाबाकीला कळत नाही. लूप सोडून द्या. अ‍ॅस्ट्रोपायचा ‘स्कायकोऑर्ड’ हा आकाशातील स्थानांचा क्लास दोन्ही गोष्टी सांभाळतो आणि जवळचे बिंदू झटपट शोधणाऱ्या केडी-ट्री या आतल्या रचनेमुळे वेळही वाचतो. मात्र विषुवांश तासांत असेल तर एकक तसे सांगा. मी एकदा ते विसरलो आणि दिवसभर रिकाम्या आकाशात जोड्या शोधत बसलो.

उत्तर २
दुसऱ्या अडचणीबद्दल: ‘मॅच_टू_कॅटलॉग_स्काय’ सर्वांत जवळचा स्रोत देते, मग तो दोन अंश दूर का असेना. मर्यादा त्याने परत दिलेल्या ‘डी२डी’ या आकाशातील कोनीय अंतरावर आपणच घालायची. एनव्हीएसएसमध्ये चौरस अंशात सुमारे ५० स्रोत आहेत, म्हणजे २५ विकलांच्या वर्तुळात योगायोगाची जोडी शंभरांत एकाहून कमी वेळा पडेल, १ कलेच्या (६० विकलांच्या) वर्तुळात चार-पाच वेळा. खात्रीसाठी एक कॅटलॉग क्रांतीत काही कला सरकवून पुन्हा जुळवा. तेव्हा ज्या जोड्या मिळतील त्या जवळजवळ सगळ्या खोट्या.

प्रश्नकर्ता
आभारी आहे, दोन्ही दोष गेले. आता टीजीएसएसचे दोन शेजारी स्रोत काही ठिकाणी एनव्हीएसएसच्या एकाच स्रोताला जोडले जात आहेत. दूरचा काढून टाकू का?

उत्तर २
सरसकट काढू नका. टीजीएसएसची विभेदनक्षमता (किती जवळचे भाग वेगळे दिसतात ते) साधारण २५ विकला, एनव्हीएसएसची ४५. एकाच रेडिओ दीर्घिकेचे दोन भाग पहिल्यात सुटे दिसून दुसऱ्यात एक झालेले असू शकतात. अशा वेळी ‘सर्च_अराउंड_स्काय’ने मर्यादेतल्या सर्व जोड्या काढा, प्रतिमा पाहा आणि भाग एकाच दीर्घिकेचे ठरले तर टीजीएसएसच्या दोन्ही फ्लक्सची (रेडिओ तेजाची) बेरीज करूनच वर्णपटीय निर्देशांक, म्हणजे वारंवारितेनुसार फ्लक्स कसा बदलतो ते, काढा.