रिफिल करून वापरायचं तर लेझरच! नऊ पैशांच्या शाईला भुलू नका

चिपळूणचा क्लासवाला:
दहावीचे क्लास घेतो. जून ते मार्च महिन्याला हजारेक पानं छापतो, सगळी काळी-पांढरी. एप्रिल-मे शुकशुकाट. आधी इंक टँक प्रिंटर होता, म्हणजे बाटलीने शाई ओतायचा (कंपनी सांगत नाही), आता जुना घेतलेला कॅनन एलबीपी २९०० हा लेझर प्रिंटर आहे. "टँकला पानामागे नऊ पैसे पडतात" हे जो तो ऐकवतो, म्हणून माझा हिशोब मांडतो.

लेझर: कार्ट्रिजमध्ये पावडर (टोनर) भरायची रिफिल ३०० रुपये. डब्यावर २००० पानं लिहिलेली असली तरी माझी १४०० होतात. दर तिसऱ्या रिफिलला ड्रम (कागदावर अक्षर उमटवणारा रोलर) आणि त्याला पुसणारं ब्लेड बदलायचे ३५०. म्हणजे ४२०० पानांना १२५०, पानाला ३० पैसे. वर्षाचे ३०००.

टँक: शाई वर्षाला ९००. पण मेच्या सुट्टीनंतर झाकण उघडलं तर काळा रंग गायब! हेड क्लीनिंग (शाई फवारणारी भोकं साफ करणं) सात वेळा मारलं, बाटली निम्मी झाली, पानावर मांजराने ओरखडल्यासारख्या रेघा. शेवटी मेकॅनिकने १८०० घेतले. एकूण २७००. तीनशे रुपये जास्त देऊन मी शांत झोपतो. बोला!

पेपरसेटर:
सर, स्वतःच्याच हिशोबात तुम्ही हरलात की! १८०० हा शाईचा खर्च नाही, आळसाचा आहे. सुट्टीत दर रविवारी एक नोझल चेक (शाई नीट येते का बघायचं चाचणीचं पान) काढला असता तर ९०० मध्ये वर्ष निघालं असतं. माझ्याकडे एपसनची ००३ वाली काळी बाटली लागते. ६५ मिली, ४५०० पानं, पडते चारशेच्या आत-बाहेर. सिरिंज नको, पावडर नको, नाकाला रुमाल नको. चौथं वर्ष चालू आहे. शिवाय भूगोलाचे नकाशे रंगीत देतो, ते तुमच्या लेझरवर काढून दाखवा.

चिपळूणचा क्लासवाला:
आळस कसला, मी गावी होतो. प्रिंटर एसटीत घालून नेऊ का?

अर्धा रीम:
टँकवाल्यांना अजून एक आठवण. क्लीनिंग मारलं की शाई हवेत जात नाही, खालच्या शाई शोषणाऱ्या वेस्ट पॅडमध्ये जाते. पॅड भरल्याचा आकडा लागला की मशीन छापायचंच थांबतं. तो खर्च नऊ पैशांत धरलाय का?

आणि ज्यांच्याकडे टँकसुद्धा नाही, सिरिंजने भरायची छोटी कार्ट्रिज आहेत, त्यांनी या वादात पडूच नये. हॉस्टेलवर मी तेच केलं. दीडशे रुपयांत शाई आणि सिरिंज आली, बेडशीट निळी झाली. तिसऱ्या भरण्यानंतर कार्ट्रिजचं हेडच गेलं, कारण त्या प्रकारात हेड कार्ट्रिजलाच असतं आणि ते कोरडं चालवलं की जळतं. स्वस्त म्हणजे किती स्वस्त, याची तेव्हा शिकवणी मिळाली.

टोनरभाऊ:
अकरा वर्षं रिफिलिंग करतोय, म्हणून बोलतो. क्लासवाले सर, तुमच्या मशीनचं कार्ट्रिज म्हणजे एचपीच्या १२ए चंच भावंडं. २००० पानं हा आकडा पानाचा पाच टक्के भाग काळा होतो असं धरून काढलेला असतो. तुमची प्रश्नपत्रिका म्हणजे ठळक मथळे, चौकटी, आकृत्या आणि वर शिरोरेषा. १४०० झाली तर पावडरवाल्याला शिव्या देऊ नका.

पण मला संशय वेगळाच आहे. हे कार्ट्रिज दोन भागांचं असतं. एकात पावडर, दुसऱ्यात ड्रम आणि वायपर ब्लेड. ड्रमवर उरलेली पावडर ब्लेड खरवडतं आणि ती मागच्या कप्प्यात साठते, तिला आम्ही वेस्ट म्हणतो. नीट काम करणारा माणूस बाजूच्या पिना काढून दोन्ही भाग सुटे करतो, वेस्ट झटकतो, ड्रमला पावडर पुरवणारा मॅग्नेटिक रोलर पुसतो, मग भरतो. घाईवाला गरम सळईने एक भोक पाडतो, पावडर ओततो, टेप लावतो. पाच मिनिटांत काम, दोनशे रुपये. दोन रिफिलनंतर वेस्ट तुंबतं, पावडर बाहेर सांडते, ब्लेड आणि ड्रम घासला जातो. नीट ठेवलेला ड्रम चार रिफिल सहज काढतो.

पेपरसेटर:
बघा, म्हणजे लेझर स्वस्त पडायला आधी प्रामाणिक रिफिलवाला शोधा. माझी बाटली मी स्वतः ओततो, कुणाच्या हातापाया पडावं लागत नाही.

टोनरभाऊ:
दादा, हेही खरं. रोज छापणाऱ्या गिऱ्हाइकाला मी स्वतः टँकच घ्या म्हणतो, माझा धंदा बुडवून. पण महिना-महिना मशीन बंद राहणार असेल तर पावडर सुकत नाही, एवढंच. फक्त डबा दमट कोपऱ्यात ठेवू नका, गुठळ्या होतात.

कोकणी छत्री:
पावसाळ्याचं कुणीच बोललं नाही. आमच्याकडे जुलैत पोरांच्या दप्तरात पाणी जातं. पाण्यात विरघळणाऱ्या शाईने छापलेल्या नोट्स म्हणजे निळसर सारवण. लेझरचं अक्षर गरम रोलरखालून कागदावर वितळून बसलेलं असतं, कागद फाटला तरी अक्षर हलत नाही. आता तोटाही सांगते: ओलसर कागद लेझरमध्ये गोळा होऊन अडकतो. रीम उघडली की उरलेले कागद पिशवीत बांधून ठेवावे लागतात.

इन्व्हर्टर:
आणि वीज? लेझर छापताना अडीचशे वॅट खातो.

अर्धा रीम:
मिनिटाला १२ पानं धरा, हजार पानांना सव्वा-दीड तास, म्हणजे जेमतेम पाव-अर्धा युनिट. गरम व्हायचं थोडं वर धरा. तुमच्या इन्व्हर्टरने किंचाळणं वेगळं, बिल वेगळं.

खरी गंमत मी सांगू? रीम २५० ची, ५०० कागद. म्हणजे कागदच ५० पैशांचा! दहा हजार पानांना पाच हजार. तुम्ही दोघं दोन-अडीच हजारांसाठी भांडताय, आणि पाठपोट छापलं तर तेवढेच अडीच हजार नुसते कागदात वाचतात.

चिपळूणचा क्लासवाला:
पाठपोट छापलं की पोरं मागची बाजू सोडवतच नाहीत, "सर, दिसलंच नाही". ते असो. टोनरभाऊ, हल्ली प्रत्येक पानावर उजवीकडे एक काळा ठिपका येतो, खाली परत तोच. ड्रम गेला का?

टोनरभाऊ:
पट्टी घ्या. दोन ठिपक्यांत साडेसात सेंटीमीटर अंतर असेल तर ड्रम. त्याचा घेर तेवढाच असतो.

चिपळूणचा क्लासवाला:
मोजलं. साडेसात.

टोनरभाऊ:
आता कार्ट्रिज बाहेर काढा, उजेडात जास्त वेळ धरू नका. एका टोकाला टेप चिकटवलेली दिसते का?

चिपळूणचा क्लासवाला:
...दोन टेप आहेत.

पेपरसेटर:
😄 सर, रविवारचा नोझल चेक बरा की हे बरं?