विनोद खन्ना : 'तो' की 'ते'?

मंगळवार पेठ (विचारणा)
कोल्हापुरातल्या आमच्या वाचनालयाच्या भित्तिपत्रकासाठी विनोद खन्नावर मजकूर लिहायला घेतलाय. पहिलं पान सरळ गेलं. 1946 चा पेशावरचा जन्म, शाळा देवळालीची बार्न्स, 1968 साली सुनील दत्तच्या निर्मितीत खलनायक म्हणून पदार्पण, 1971 मध्ये 'मेरा गाँव मेरा देश'मधला डाकू जब्बरसिंग. 'तो आला, त्यानं गाजवलं', कुठं अडलं नाही. दुसऱ्या पानावर 1998 उजाडलं, पंजाबातल्या गुरुदासपूरची लोकसभा आली आणि हातानं आपोआप लिहिलं, 'ते निवडून आले'. आता एकच माणूस अर्ध्या लेखात 'तो' आणि अर्ध्यात 'ते' झालाय. एकच ठेवायचं तर कुठलं? दोन्ही ठेवायची तर बदल कुठल्या सालापासून करू?

राजारामपुरी
सरसकट 'ते' करा. छापील मजकुराचा रिवाज तोच आहे. 'खन्ना यांनी', 'खन्ना यांचे'. गुरुदासपूरनं चार वेळा निवडून दिलेला माणूस आहे. 2002 पासून केंद्रात राज्यमंत्री होता, आधी पर्यटन व संस्कृती, मग परराष्ट्र.

शिवाजी पेठ
तुम्हीच 'होता' लिहिलंय की!

राजारामपुरी
ते क्रियापद 'माणूस'चं आहे, खन्नांचं नव्हे.

शिवाजी पेठ
बरं. मग सरसकट 'ते' करून वाचून बघा: 'जब्बरसिंग झालेले खन्ना घोड्यावरून आले व त्यांनी गावात दहशत बसवली.' हा डाकू वाटतोय की दौऱ्यावर आलेला पालकमंत्री?

मुळात एकेरी म्हणजे अनादर, हेच मला पटत नाही. जोतिबा पावला, अंबाबाई पावली असंच म्हणतो आपण. देवाला एकेरी चालतं आणि नटाला चालत नाही होय? पडद्यावरचा माणूस आपला असतो म्हणून 'तो'. खासदाराकडं मात्र आपलं काम असतं, शिफारसपत्र, बदली, कुणाचं तरी ॲडमिशन. 'साहेब' आणि 'ते' तिथनं सुरू होतं. निवडणूक हरला की बघा. 2009 साली गुरुदासपुरात प्रतापसिंग बाजवांनी हरवलं, तेव्हा उमा टॉकीजच्या चौकात कोण 'खन्नासाहेब पडले' म्हणालं असेल? 'खन्ना पडला.' 'साहेब पडले' म्हटलं की आपल्याकडं पुढचा विचारतो, लागलं का फार?

मंगळवार पेठ
पडण्यावरून आठवलं. मी 1997 साठी 'राजकारणात पडले' असं लिहिलंय. पुढच्याच परिच्छेदात 2009 चं 'पडले' येतं. आमच्या ग्रंथपाल बाईंनी विचारलं, हे दोनदा हरले का?

राजारामपुरी
आणि सिनेमा पडतो तो तिसराच. 'राजकारणात पडणे' यात नाइलाजाची, 'कशाला त्या भानगडीत' अशी छटा असते. 'उतरले' करा.

शिवाजी पेठ
'उतरले' 1998 ला लावा. खासबागेत पैलवान उतरतो तसं, समोर जोड असल्याशिवाय उतरणं होत नाही. 1997 ला नुसता भाजपमध्ये प्रवेश झाला होता. तिथं 'आले' पुरे.

कसबा बावडा
मूळ प्रश्न मला सिनेमा आणि खासदारकी या दोन्हींच्या मधल्या काळात दिसतो. 1982 साली, ऐन भरात असताना, खन्ना सिनेमा सोडून रजनीशांच्या अमेरिकेतल्या आश्रमात गेला. बागकाम केलं, भांडी घासली असं त्यानंच पुढं मुलाखतींत सांगितलंय. 1987 ला 'इन्साफ'मधून परत आला. आता गंमत बघा. आपल्या भाषेत संन्याशाला सहसा एकेरी नसतं. दारात आलेल्या अनोळखी गोसाव्यालाही आपण 'या महाराज' म्हणतो. पण या गड्यानं संन्यास घेतला, गळ्यात माळ घातली, तरी पाच वर्षं सगळा महाराष्ट्र त्याला 'तो'च म्हणत राहिला. वैराग्यानं जे मिळालं नाही ते खासदारकीनं एका मतमोजणीत मिळालं.

अमिताभचं उलटं झालं. 1984 ला अलाहाबादहून बहुगुणांना हरवून लोकसभेत गेला, 1987 ला राजीनामा दिला. ते 'ते' काही टिकलं नाही. आज लोक त्याला 'ते' म्हणतात, पण वयामुळं.

हेमा मालिनींचं 'ती'चं 'त्या' मात्र मथुरेहून खासदार झाल्यावर पक्कं झालं, निदान बातम्यांत.

राजारामपुरी
कोल्हापूरकरांनी तरी सिनेमावाल्यांना एकेरीत बसवू नये. भालजी पेंढारकरांना सगळा जयप्रभा स्टुडिओ 'बाबा' म्हणायचा. त्यांच्याबद्दल 'भालजी आला' म्हणून बघा कुणासमोर.

कसबा बावडा
भालजी कॅमेऱ्यामागचे. शिवाय इथले, ज्यांच्याकडं लोक कामाला जायचे. म्हणजे शिवाजी पेठेचंच म्हणणं खरं झालं, काम असलं की 'ते'.

माझ्या मते सर, बदल 1998 लाच करा, आणि उघड करा. नवा परिच्छेद पाडा, पहिल्या वाक्यात 'खासदार विनोद खन्ना' असं पुरं नाव घ्या, पुढं 'ते'. वाचणारा बरोबर वळण घेतो. मध्येच एखादं 'त्यानं' राहून गेलं तर मात्र मुद्राराक्षसाची चूक वाटते.

मंगळवार पेठ
पटलं. 27 एप्रिल 2017 ला खासदार असतानाच गेले, म्हणून तिथं 'त्यांचं निधन'. पण शेवटी दादासाहेब फाळके पुरस्कार आहे, मरणोत्तर. तो सिनेमासाठी दिलेला. मग 'त्याला' की 'त्यांना'?

शिवाजी पेठ
सर्वनामच काढा. 'विनोद खन्नांना मरणोत्तर जाहीर झाला' एवढंच.

राजारामपुरी
'खन्नां'वरचा अनुस्वार म्हणजेच 'ते'. शेवटी माझ्याकडंच आलात.

शिवाजी पेठ
'खन्नाला' लिहा मग, सर. एक टिंब वाचेल.