एसीपी प्रद्युम्न गेले, परत आले. मधल्या श्रद्धांजलीचं काय?

रामबागचा बाळ
सीआयडीचा बाँबस्फोटाचा भाग ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. २०१८ मध्ये बंद पडलेली मालिका डिसेंबर २०२४ मध्ये परत सुरू झाली. एप्रिल २०२५ मध्ये खलनायक बार्बोसाने (तिग्मांशू धुलिया) घडवलेल्या स्फोटात एसीपी प्रद्युम्न मेले असं दाखवलं. वाहिनीने लगोलग '१९९८-२०२५' असं लिहून श्रद्धांजलीचं चित्र टाकलं. मग पार्थ समथान नवा एसीपी आयुष्मान म्हणून आला. आणि पुढे थोड्याच आठवड्यांत प्रद्युम्नचं काम करणारे शिवाजी साटम परत हजर, ठणठणीत!

एसीपींना मारलं म्हणून माझी तक्रार नाही. खोटंखोटं मारलं म्हणूनही नाही, रहस्यमालिकेत मेलेला माणूस उठून बसायचाच. माझा राग त्या श्रद्धांजलीवर आहे. बार्बोसाने एसीपींना फसवावं, लेखकाने मला फसवावं, तेवढ्यासाठीच तर आपण बसतो. पण मालिका संपल्यावर, टीव्ही बंद केल्यावर, वाहिनीने स्वतःच्या नावाने दुखवटा जाहीर करायचा? त्या चित्रावर चेहरा कोणाचा होता? एका खऱ्या माणसाचा, ज्याला त्याच महिन्यात पंचाहत्तर पूर्ण होत होती. आमच्या आळीत सकाळी पोहे-जिलबी घ्यायला उभे असलेले दोघं-तिघं मला विचारत होते, "साटम गेले का हो? कशाने?" एक काका तर मोबाइल पुढे धरून हळहळत होते. त्या चित्राखाली घरच्या ग्रुपवर आधीच हात जोडलेल्यांची रांग लागलेली.

छप्पनवाली ताई
बाळदादा, जरा अतीच होतंय. चित्रावर 'एसीपी प्रद्युम्न' लिहिलं होतं, 'शिवाजी साटम' नाही. लोक वाचत नाहीत आणि पुढे ढकलतात, त्याला वाहिनी काय करणार? आणि खरं सांगू? सगळ्यात जास्त ऊर बडवणारे तेच होते ज्यांनी २०१८ नंतर एक भाग पाहिलेला नाही. मी दर शनिवार-रविवार रात्री दहाला बसते. मला तो भाग आवडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाटलं की या लोकांना खरंच काही होऊ शकतं. नाहीतर गोळ्या झाडल्या तरी यांच्या शर्टाची इस्त्री मोडत नाही.

लष्करवाला, ग्वाल्हेर
शेरलॉक होम्स विसरलात का मंडळी? १८९३ मध्ये त्याचा लेखक डॉईलने त्याला धबधब्यात ढकलला, वाचक खवळले, मासिकाची वर्गणी बंद केली. १९०३ मध्ये होम्स परत. त्या धबधब्याला कोणी फसवणूक म्हणत नाही, उलट लोक तिथे जाऊन फोटो काढतात. आपल्याकडे केलं की लगेच नाटक?

रामबागचा बाळ
लष्करवाले, डॉईलला होम्स खरोखर मारायचा होता. कंटाळला होता तो त्याला. आणलाही दहा वर्षांनी, तोही लोक आणि पैसे मागे लागले म्हणून. इथे काही आठवड्यांत माणूस परत येतो. म्हणजे एक तर आधीच ठरलेलं होतं, किंवा आरडाओरडा ऐकून घाबरले. पहिलं खरं असेल तर श्रद्धांजली खोटी, दुसरं असेल तर गोष्टच खोटी. कुठलं पाहिजे ते घ्या.

छप्पनवाली ताई
तिसरंही असू शकतं की दादा! प्रेक्षकांचं ऐकलं. त्यात वाईट काय?

माहेर बडोदा
मला एक गोष्ट कोणीच बोललेली दिसत नाही. याच मालिकेत फ्रेडरिक्सचं काम करणारे दिनेश फडणीस डिसेंबर २०२३ मध्ये गेले. खरे गेले. त्या वेळी आम्ही सगळ्यांनी असेच फोटो, अशाच ओळी टाकल्या होत्या. माझा मुलगा त्यांच्या विनोदांवर लहानाचा मोठा झाला, दोन दिवस गप्प होता. आणि दीड वर्षाच्या आत तोच प्रकार जाहिरात म्हणून? ताई, 'नाव वाचा' म्हणणं सोपं आहे. ज्या मालिकेने एक माणूस खरोखर गमावलाय तिच्याकडून मला जरा तारतम्याची अपेक्षा होती.

छप्पनवाली ताई
बडोदेकर वहिनी, हे मात्र मनाला लागलं. तरी भाग वेगळा आणि जाहिरात वेगळी. भागाला शिव्या का?

निवृत्त फौजदार
शिव्या भागालाच द्यायला हव्यात. तुम्ही श्रद्धांजलीवर भांडताय, मी म्हणतो तपास कुठे गेला? पूर्वी प्रेत सापडायचं, लॅबवाले डॉक्टर साळुंखे आणि एसीपींची लॅबमध्ये खडाजंगी व्हायची, नखात अडकलेला एखादा धागा निघायचा, पथकातला दया दार तोडायचा, शेवटी एक थप्पड. हास्यास्पद? असेल. पण पुरावा होता, त्यावरून तर्क होता. आमच्या घरी तर चहा होईपर्यंत खुनी ओळखायची पैज लागायची. बार्बोसाच्या गोष्टीत ओळखायचं काय? खलनायक पहिल्यापासून समोर, तो सूड घेणार हे माहीत, प्रश्न एवढाच की बाँब कधी फुटणार. ही हेरकथा नाही, हाणामारी आहे.

जाता जाता: आपल्या इंदूरलाही २०२१ च्या डिसेंबरपासून पोलीस आयुक्तालय झालंय, म्हणजे खरेखुरे एसीपी (सहायक पोलीस आयुक्त) आहेत. स्फोटाच्या जागी पथकाला मागे ठेवून स्वतः पुढे धावणारा त्यांच्यातला एखादा दाखवा मला.

विजयनगरची पोरगी
फौजदार आजोबा, दर आठवड्याला एक प्रेत आणि एक थप्पड यावर आजचं पब्लिक टिकणार नाही. आम्ही ओटीटीवर आठ-आठ भागांची एकच केस बघतो. मालिकेने बदलायला नको का? याच लोकांनी २००४ मध्ये १११ मिनिटांचा अख्खा भाग एका सलग शॉटमध्ये केला होता, गिनेसमध्ये नोंद झाली. धाडस त्यांच्या रक्तात आहे. एसीपींना मारणं हेही धाडसच. घाबरून परत आणलं, ते भित्रेपण. माझा राग परत आणण्यावर आहे.

निवृत्त फौजदार
बेटा, तो सलग शॉट ही कसरत होती. कोणी मेल्याचा बहाणा करून ती केली नव्हती. आणि आठ भागांची केस चालेल मला, आठही भागांत शोधायला काहीतरी ठेवा.

रामबागचा बाळ
विजयनगर, धाडसाचंच म्हणशील तर नकुलचा भाग बघ. एसीपी स्वतःच्या मुलावर गोळी झाडतात. तिथे साटम फार काही बोलत नाहीत. पुढे कधीही त्या मुलाचा विषय निघाला की चेहरा बदलायचा त्यांचा, बोटं हवेत फिरवत 'कुछ तो गडबड है' म्हणणारा माणूस एकदम बाप व्हायचा. कारण नकुल मेला तो मेलाच. त्याच्यासाठी वाहिनीला काही पोस्ट करावं लागलं नाही.

लष्करवाला, ग्वाल्हेर
आणि या नव्या पर्वात पथकातल्याच अभिजीतने दयावर गोळी झाडली, तरी दया वाचला! तेव्हाच ओळखायला हवं होतं की एसीपी परत येणार. पुरावा तुमच्या समोर होता, फौजदारसाहेब. तर्क तुम्हीच केला नाही.

निवृत्त फौजदार
हा हा, मान्य. पण मग त्या स्फोटात धडधड होणार कशी?

माहेर बडोदा
उद्या यातलं खरंच कोणी निवृत्त व्हायचं म्हटलं, तर त्याला निरोप कसा देणार हे? आता कोणाचाच फोटो बघून कोणी थांबणार नाही.

छप्पनवाली ताई
थांबतील वहिनी, लोक विसरतात. बाळदादा, एवढा राग आहे तर शनिवारी बघणार की नाही ते सांगा.

रामबागचा बाळ
बघणार. आई बघते, म्हणून घरात लागतंच. पण त्यांच्या पानावरचं काही पुढे पाठवणार नाही, आणि घरच्या ग्रुपवर तसं लिहूनही टाकलंय.