सेशन : सत्र, बैठक की हजेरी?

आमच्या अंधेरीच्या ऑफिसात आपसातली चॅट सेवा डेस्कटॉपवर चालते. कोण कधी लॉगिन झालं, कुठल्या मशीनवरून, कधी बाहेर पडलं, हे सर्व्हरने लिहून ठेवावं अशी सेटिंग मी परवा चालू केली. दहा मिनिटांचं काम. त्याची मराठी सूचना लिहिण्यात मात्र अख्खी दुपार गेली. ‘आपल्या लॉगिन सत्रांचा मागोवा घेतला जाईल’ असा पहिला मसुदा. अकाउंट्सच्या काकू म्हणाल्या, “सत्र कुठलं, पहिलं की दुसरं?” त्यांची मुलगी दहावीला आहे. सेशनला तुम्ही काय लिहाल?

— सत्रच. सत्र न्यायालय चालतं, मग हे का नको? शिवाय संस्कृत सत्र ‘सद्’ म्हणजे बसणे या धातूचं, आणि इंग्रजी सेशनच्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थही बसणेच. दोघं एकाच कुळातले. कैक दिवस चालणाऱ्या सोमयागाला सत्र म्हणत. अन्नछत्रातलं छत्रही मूळचं सत्र, छत्रीशी त्याचं नातं नाही.

— बसणंच असेल तर बैठक म्हणा!

— ‘तुमची बैठक संपली’ असं स्क्रीनवर आलं तर लोक डबा उचलून चर्चगेट फास्ट पकडतील. हजेरी बरी.

हजेरी नकोच. मस्टरवर सही केली की विषय संपला, ती एका क्षणाची. लॉगिनही तसंच. सेशन म्हणजे आल्यापासून जाईपर्यंतचा पट्टा, आणि एकाच माणसाचे एका वेळी दोन असू शकतात, टेबलावरच्या मशीनवर एक, लॅपटॉपवर दुसरं. त्यात ‘हजेरी’ लिहिलं की एचआर त्यावरून लेट मार्क लावणार.

गेल्याच आठवड्याची गोष्ट. आमच्यातला एक जण सव्वासहाला लॅपटॉपचं झाकण मिटून निघाला. आठ वाजता तो विरारला उतरला, तरी त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका. झाकण मिटलं की मशीन झोपतं, ‘येतो’ म्हणत नाही. सर्व्हर आपला कान लावून बसलेला. सर्व्हर चालतो त्या लिनक्स सिस्टिमवर गप्प पडलेल्या जोडणीला पहिली हाक मारायची ठरलेली मुदत ७२०० सेकंद, म्हणजे दोन तास. आता चॅट सर्व्हरच दर मिनिटाला पिंग करतो, म्हणजे ‘आहेस का?’ विचारतो. उत्तर नाही आलं तर सेशन बंद. साहेबांनी मात्र त्या दिवशी त्याचं कौतुक केलं होतं, ते काही त्याने परत केलं नाही.

— मागोवाही बदला. मागोवा झाल्या गोष्टींचा घेतात, निवडणुकीचा वगैरे. चालत्या माणसावर ठेवतात ती पाळत. तुमचा सर्व्हर फक्त नोंद करतोय. मी गोदीत होतो, तिथे लॉग म्हणजे नोंदवहीच. पूर्वी जहाजाचा वेग मोजायला लाकडाचा तुकडा दोरीला बांधून समुद्रात सोडत, तो लॉग. ते आकडे ज्या वहीत उतरवायचे ती लॉगबुक. तुमचं लॉगिन त्याच ओंडक्याचं पिल्लू.

घेतली नोंद. आता सूचना अशी : ‘चॅटवर आपण कधी आलात, कधी गेलात आणि कुठल्या मशीनवरून, याची नोंद राहील.’ सत्र गेलं, सेशनही गेलं. काकूंनी वाचली आणि विचारलं, “जेवायला उठले तर?”

“ठिपका पिवळा होईल, नोंद चालूच.”

“मग ते लिहा ना खाली.”

लिहिलं.