शेवटचा पेपर झाला, मग काय केलंत?

परीक्षा संपल्या की विद्यापीठांच्या आवारात पोरं घोळक्याने रेंगाळत असतात. पेपर होऊन तास उलटला तरी घरी जायचं कुणी नाव काढत नाही. मला त्या रेंगाळण्याबद्दल वाचायचंय. अधिकृत निरोप समारंभ, प्रमुख पाहुणे, शाल-श्रीफळ यातलं फारसं काही माझ्या तरी लक्षात नाही. पण त्यानंतर आम्ही मैत्रिणींनी पदरच्या पैशांनी जे केलं ते लख्ख आठवतं. तुमचंही लिहा. पदवी, एमए, पीएचडी, इंटर्नशिप, काहीही चालेल. कुठे गेलात, काय खाल्लंत, खर्च कसा भागवलात तेही लिहा, कारण विद्यार्थीदशेत सगळं घोडं तिथेच अडतं.

सुरुवात मी करते.

पुणे विद्यापीठ, १९९६

एमएचा शेवटचा पेपर झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे हॉस्टेलवरच्या आम्ही सहाजणी पीएमटीच्या बसने जाऊन सिंहगडाच्या पायथ्याशी उतरलो. आतकरवाडीच्या वाटेने चढलो. उन्हाळ्याचे दिवस होते, त्यामुळे नऊच्या आत वर पोहोचायचंच असं ठरलेलं. देवटाक्याचं पाणी प्यायलो. मग झोपडीत चुलीपुढे बसून पिठलं, भाकरी, ठेचा, आणि शेवटी मडक्यातलं दही. कॉन्ट्री आदल्या रात्रीच काढली होती. आमच्यातल्या एकीजवळ त्या महिन्यात खरंच पैसे नव्हते. तिला कळू न देता बाकीच्या पाचजणींनी तिचा वाटा वाटून घेतला, आणि कॉन्ट्री गोळा करणारीने तिला "तुझे मागेच आलेत गं" एवढंच सांगितलं. कल्याण दरवाज्यापाशी बसून प्रत्येकीने पुढे काय करणार ते सांगितलं. दोघींची लग्नं ठरलेली होती, एकीला बीएडला जायचं होतं, मला काहीच माहीत नव्हतं. त्या पाचहीजणी आजही माझ्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणी आहेत.

कोल्हापूर, शिवाजी विद्यापीठ

आमच्यात हॉटेलात पार्टी वगैरे प्रकारच नव्हता. शेवटचा पेपर झाला की संध्याकाळी आधी खासबागेत भेळ, मग रंकाळ्याला एक फेरी आणि रात्री गंगावेशेत दूध कट्टा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, तिथे म्हशी उभ्या असतात आणि तुमच्या समोर धार काढून फेसाळ दूध ग्लासात देतात. माझा रूममेट विदर्भातला. दोन वर्षं त्याला धारोष्ण दूध नको वाटायचं. त्या रात्री "आता परत कधी येणार" म्हणत त्याने एका दमात ग्लास संपवला आणि दुसरा मागितला. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, गवळीमामांनीही वाजवल्या!

मिरज

एमबीबीएसवाल्यांचं जरा वेगळं असतं. शेवटची परीक्षा संपली तरी पुढे वर्षभर इंटर्नशिप, त्यामुळे नेमका शेवट कुठला हेच कळत नाही. आम्ही शेवटच्या नाइट ड्यूटीनंतर सकाळी एकमेकांच्या अॅप्रनवर मार्करने लिहिलं. वॉर्डातल्या सिस्टरांनीही लिहिलं. अॅप्रन अजून आहे, धुतलेला नाही.

छत्रपती संभाजीनगर (तेव्हाचं औरंगाबाद), २००५

मी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातला. 'कमवा आणि शिका'मध्ये काम करून एमए केलं. शेवटचा पेपर दुपारी संपला आणि वडील आजारी असल्यामुळे मला त्याच रात्री हिंगोलीची बस धरायची होती. मित्रांनी दौलताबादला जायचं ठरवलं होतं. मी म्हटलं, तुम्ही जा. कुणी गेलं नाही. पोरांनी माझी पुस्तकं दोन पोत्यांत भरली, विद्यापीठाच्या गेटसमोर सगळ्यांनी मिळून फोटो काढला (त्या गेटसमोर फोटो काढल्याशिवाय आमच्याकडे शिक्षण पूर्ण झालं असं कुणी मानत नाही, नामांतराचा सगळा लढा त्याच्याशी जोडलेला आहे) आणि सगळी वरात बसस्थानकावर. खानावळीच्या मावशींकडे महिन्याची बाकी द्यायला गेलो तर त्यांनी पैसे घेतले नाहीत, उलट ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. "नोकरी लागली की पेढे आण, मग हिशोब बघू," म्हणाल्या. बस फलाटाला लागायला उशीर झाला, तेवढ्या वेळात तिथेच, पोत्यांवर बसून, आमचा सेंड ऑफ झाला. भाषणं झाली. मी करायचो त्या नकलांची एकाने नक्कल केली. शेजारच्या बाकावरची म्हातारी विचारत होती, "पोराचं लगीन हाय का?" नोकरी लागल्यावर पहिल्या पगारात पेढे घेऊन गेलो.

ग्योटिंगन, जर्मनी

इथे पीएचडी झाल्यावरचा एक रिवाज सांगते. जुन्या टाउनहॉलसमोरच्या कारंज्यावर हंस सांभाळणाऱ्या एका मुलीचा पुतळा आहे. तिला गेन्झेलीझल म्हणतात. १९०१ साली बसवलेला मूळ पुतळा आता संग्रहालयात आहे आणि चौकात त्याची प्रतिकृती उभी आहे. तोंडी परीक्षा पास झाली की नव्या डॉक्टरने कारंज्यावर चढून तिला फुलं द्यायची आणि तिच्या गालाचा मुका घ्यायचा. १९२६ मध्ये यावर चक्क बंदी घातली होती, पण रिवाज काही थांबला नाही.

माझी परीक्षा संपली तेव्हा दाराबाहेर सजवलेली हातगाडी उभी होती. लॅबमधल्या सगळ्यांनी मला त्यात बसवलं आणि ओढत चौकापर्यंत नेलं. रस्त्यावरची अनोळखी माणसं अभिनंदन करत होती. डोक्यावर पुठ्ठ्याची काळी टोपी. ही टोपी मित्रच गुपचूप बनवतात आणि तिच्यावर तुमच्या त्या सगळ्या वर्षांतल्या खुणा चिकटवतात. माझ्या टोपीवर पिपेटची टोकं, चांदीच्या कागदाचा छोटा कुकर आणि कापसाचा भात होता, कारण शनिवारी लॅबमधली निम्मी मंडळी माझ्याकडे वरणभात खायला यायची. कुकरची शिट्टीसुद्धा केली होती, लाल मण्याची! आई व्हिडिओ कॉलवर सगळं बघत होती. मी कठड्यावर चढले तशी ओरडली, "अगं, पडशील!" खाली उतरल्यावर बाकीच्यांनी शॅम्पेनसारखी फसफसती वाइन उघडली आणि मी घरून आलेल्या चकल्यांचा डबा. डबा आधी रिकामा झाला.

पणजी

गोवा विद्यापीठातून निघालो, सांतिनेजला गाड्यावर रोस-आमलेट (आमलेटवर रस्सा) खाल्लं आणि रायबंदरहून फेरीबोटीने दिवाडी बेटावर गेलो. पायी माणसाला फेरीचं तिकीट नाही, म्हणून अंधार पडेपर्यंत मांडवीवर या काठाहून त्या काठाला जात राहिलो. गाणी म्हटली. आणखी काही केलं नाही आणि कमी काही पडलं नाही.

२०२० ची बॅच

आमचा शेवटचा पेपर मोबाइलवर झाला. मार्चमध्ये "दोन आठवड्यांची सुट्टी" म्हणून घरी आलो ते आलोच. परीक्षा होणार की नाही यावर महिनोन्महिने वाद झाला. अखेर ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही असं सांगितलं आणि ऑक्टोबरमध्ये ऑनलाइन पेपर दिला. मी रेंजसाठी गावाबाहेरच्या टेकाडावर बसले होते. सबमिट दाबलं, आणि आजूबाजूला कुणीच नव्हतं. ते अजूनही लागतं मनाला. वरचे सगळे अनुभव वाचताना हेवा वाटला, खरं सांगते.

पुढे गाड्या सुरू झाल्यावर आम्ही मैत्रिणी हॉस्टेलवरचं सामान आणायला एकाच दिवशी गेलो. तिथे गाद्या गच्चीवर उन्हात टाकल्या आणि चटईवर बसून गेटवरचे वडापाव खाल्ले. एकीने घरून केक आणला होता, त्यावर क्रीमने "लास्ट पेपर" लिहिलेलं. आम्ही तो तेव्हा कापला.

एक प्रश्न

आमचे पेपर पुढच्या महिन्यात संपतायत. वर्गात चाळीस जण आहेत. काहींना गोव्याला जायचंय, काहींना ते परवडणार नाही. काय करावं?

हिंगोलीकडून उत्तर

गोवा ज्यांना जायचंय त्यांना नंतर जाऊ द्या. पेपरच्या दिवशीचा कार्यक्रम सगळ्यांचा ठेवा आणि तो आवाराच्या जवळपासच करा. सगळ्यात आधी कुणाची गाडी सुटते ते विचारून घ्या आणि त्याच्या वेळेप्रमाणे ठरवा. पैसे ग्रुपवर मागू नका. एकाने प्रत्येकाला वेगळं भेटून, देईल तेवढे घ्यावेत. आणि मेसवाल्या मावशींना बोलावणं आधी द्या, त्यांना त्या दिवशी स्वयंपाकातून मोकळं व्हायला वेळ लागतो.