‘बेंचमार्क’ : मानदंड, कस की वेगमोजणी?

प्रश्न : ओपनब्लास या मुक्तस्रोत गणिती लायब्ररीची विंडोज, लिनक्स आणि मॅकवरची कामगिरी मोजून मी मराठीत अहवाल लिहीत आहे. ‘बेंचमार्क’साठी ‘मानदंड’ हा शब्द सुचवला जातो. परंतु ‘तिन्ही प्रणालींवर मानदंड चालवला’ असे लिहिले की चोपदार निघाल्यासारखे वाटते. नेमके काय लिहावे?

उत्तर : इंग्रजीत हा एकच शब्द तीन गोष्टींना लागतो : जिच्याशी तुलना करायची ती पातळी, मोजणारा प्रोग्राम आणि मोजण्याची क्रिया. ‘मानदंड’ त्यांपैकी फक्त पहिलीला शोभतो. ‘बेंचमार्क’ हा शब्द मुळात भूमापनातला. दगडात कोरलेली उंचीची खूण, म्हणजे तलचिन्ह, हा त्याचा जुना अर्थ. आम्हा सांगलीकरांना तो फोड करून सांगावा लागत नाही, कारण पावसाळ्यात आयर्विन पुलाच्या पट्टीवर कृष्णा किती फुटांवर आली हे विचारतच आमचा दिवस उजाडतो. तिथली ४५ फुटांची धोक्याची पातळी कृष्णेवरच्याच अंकलीच्या पुलाला लावता येत नाही. प्रत्येक पट्टीचा शून्य निराळा असतो. आपल्या अहवालात हाच घोटाळा संभवतो : एका यंत्रावर आठ थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे), दुसऱ्यावर चार, कंपायलरही (लिहिलेल्या प्रोग्रामचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) वेगळा, आणि फरकाचे खापर मात्र ऑपरेटिंग सिस्टिमवर. क्रियेसाठी मी ‘कस लावणे’ सुचवीन. ‘निकष’ म्हणजेही मुळात कसोटीचा दगडच, आणि विट्याकडच्या गलाई व्यावसायिकांमुळे (सोने-चांदी गाळून शुद्ध करणाऱ्यांमुळे) ‘कस’ आमच्या जिल्ह्यात अजून रोजच्या बोलण्यातला आहे.

प्रश्नकर्ता : ‘कस’ मला मोहात पाडतो, पण तो शुद्धता सांगतो, वेग नव्हे. लायब्ररीचे उत्तर बरोबर आहे का, हे पाहणे वेगळे. त्याला आम्ही ‘चाचणी’ म्हणतो. येथे प्रश्न असा असतो की १००० × १००० च्या दोन मॅट्रिक्सच्या (आकड्यांच्या चौकोनी कोष्टकांच्या) गुणाकाराला नेहमीच्या रीतीने लागणाऱ्या सुमारे २०० कोटी क्रिया किती वेळात उरकल्या.

उत्तर : आक्षेप मान्य; ‘कस’ मागे घेतो. मग क्रियेला ‘वेगमोजणी’ म्हणावे, प्रोग्रामला ‘बेंचमार्क’च राहू द्यावे (रूळलेला शब्द हुसकावण्याचा अट्टहास कशाला?) आणि पातळीला ‘तुलनापातळी’. वाक्य असे होईल : ‘थ्रेडची संख्या आणि कंपायलर सारखे ठेवून तिन्ही प्रणालींवर वेगमोजणी केली, पहिली फेरी वगळून उरलेल्या फेऱ्यांचा मध्यक घेतला.’